निव्वळ आईचं दूध

११ फेब्रुवारी १९९४, शुक्रवार

काल सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी आमच्या सुभाषला मुलगी झाली. दिवस भरायला दहा आठवडे बाकी होते. सिस्टरने कागदावर वजन लिहिलं, ११४० ग्रॅम. तो आकडा मला पटलेला नाही. पोर ज्या काट्यावर ठेवली तो मी दारातून पाहिला. पारडं रिकामं, तरी दांडी वर जाऊन बसलेली. ज्याचं शून्य शून्यावर नाही त्या काट्याच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवू नये.

सुभाष भिंतीकडे तोंड करून रडत होता. मी डॉक्टर कामेरकरबाईंना विचारलं, "हा काटा शेवटचा कधी तपासून घेतलात?"

त्या म्हणाल्या, "आजोबा, आत्ता मला श्वासाचं बघू द्या."

बरोबर आहे. पण वजनावरच सगळी औषधं ठरतात, हेही त्यांनीच मागाहून सांगितलं.

१२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी हत्यारांची पेटी घेऊन गेलो. काटा उघडला. दांडी ज्या धारेवर तोलते तिच्याखाली वर्षानुवर्षांची अंगाला लावायची पावडर साचून दगड झाली होती. खरवडली, धार घासली, माझ्याकडच्या सरकारी छापाच्या वजनांनी सात वेळा ताळा घेतला. काटा ३५ ग्रॅम जास्त दाखवत होता. म्हणजे पोर ११०५ ची.

डॉक्टरबाईंनी दांडीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाल्या, "सव्वीस बाळांची वजनं केली मी यावर." मी म्हटलं, "माझं शिक्षण सातवी. काटेदुरुस्ती कोणी शिकवली नाही, मोडके काटे सोडवून शिकलो. पण तेवीस वर्षांत माझा एकही काटा वजनमाप इन्स्पेक्टरने परत पाठवलेला नाही."

त्यांनी सिस्टर अंबिकाला सांगितलं, आजोबांना काचेपर्यंत येऊ दे. बाकी कुणाला परवानगी नाही. बाळाच्या आईलासुद्धा नाही, जंतू जातात म्हणून.

१४ फेब्रुवारी, सोमवार

सुनेला, मंजुळाला, काल घरी आणली. पोर तिथेच, काचेच्या पेटीत. हातावर सलाईन. आजपासून नुसतं साखरपाणी नाही, प्रथिनांची बाटलीही जोडली. डॉक्टरांनी नीट समजावलं. एवढ्या लहान बाळाचं आतडं कच्चं असतं, चोखणं आणि गिळणं जमत नाही. म्हणून आधी शिरेतून जेवण, मग नळीने पोटात एकेक मिली दूध, आणि दूध वाढेल तसं सलाईन कमी.

या सेटचे साठ थेंब म्हणजे एक मिली. मी माझं घड्याळ लावून मोजले. सिस्टरने मिनिटाला पाच लावलेत, मला पाचच मिळाले. सिस्टर म्हणाली, "आजोबा, मेरी नौकरी खाओगे क्या?" चांगली बाई आहे.

आजचं वजन १०३०. पहिल्या आठवड्यात उतरतं म्हणे. ऐकलं, पण घशाखाली उतरलं नाही.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

आज दूध सुरू. दर दोन तासांनी एक मिली. मंजुळाने घरी काढायचं, उकळलेल्या बाटलीत, बर्फाच्या थर्मासमधून मी पोचवायचं.

मी रजिस्टर केलंय. लांब वही, तांबड्या शाईने रकाने. वेळ, डाव्या बाजूचं, उजव्या बाजूचं, एकूण. वर मथळा: "निव्वळ आईचं दूध". निव्वळ हा आमच्या धंद्यातला शब्द. डबा, पिशवी, बारदान वजा जाता जे उरतं ते. गजराचं घड्याळ मंजुळाच्या उशाशी ठेवलं, दर तीन तासांचं.

ती म्हणाली, "बाबा, हे आईंनी लिहिलं तर चालंल का?"

सौ.ला आकडे सुवाच्य येत नाहीत. मी नाही म्हटलं.

१९ फेब्रुवारी, शनिवार

काल ४६ मिली, आज ५०. पोरीला आज लागलं ३६. शिल्लक आहे. सलाईनचे थेंब पाचावरून चारावर.

विहीणबाई राई गावाहून आल्या होत्या, सुकट आणि मेथीचे लाडू घेऊन. दारातूनच नात पाहून आल्या आणि पायरीवरच बसल्या. "चांदणी हाय नुसती. येवढीशी." मग मला म्हणाल्या, "दशरथभाऊ, पोरीला तिच्या लेकराला हात तरी लावू द्या. गाय बी वासराबिगर पान्हा सोडत न्हाय. घड्याळ बघून कुठं दूध येतं?"

मी म्हटलं, "सुलूबाई, हे शास्त्र आहे."

"असंल," त्या म्हणाल्या. "माजी सात जगली, त्यांना शास्तर ठावं नव्हतं."

भाबडी माणसं. सुभाषने राईच्या आगऱ्यांची मुलगी करायची ठरवली तेव्हा मी विरोध केला नव्हता, ही गोष्ट इथे नोंदवून ठेवतो.

२१ फेब्रुवारी, सोमवार

काल ४४. आज ४१. पोरीला आज ६० लागणार होतं.

जेवायला बसताना मंजुळाला विचारलं, "परवा पन्नास, आज एक्केचाळीस. नऊ मिली गेलं कुठे?" शेजारच्या काकू बसल्या होत्या. मंजुळाने ताट पुढे सारलं. सौ. म्हणाली, "अहो, ती काय नळ आहे का?" पण प्रश्न साधा होता. डॉक्टरांनी मला सांगितलंय, दूध दिवसाला दीडशेच्या आसपास गेलं की सलाईन निघेल. मी तेच मंजुळाला सांगितलं. "सुई कधी काढायची ते आता तुझ्या हातात आहे."

संध्याकाळी डॉक्टर म्हणाल्या, "घाई नाही, आजोबा. उरलेलं सलाईनमधून जातंय की. फारच कमी पडलं तर अशा बाळांसाठी पावडर मिळते, थोडी देऊ."

मी साफ सांगितलं, आमच्या घरातून डबा येणार नाही. रजिस्टरवर निव्वळ लिहिलंय ते निव्वळच राहील. डॉक्टरांना कौतुक वाटलं असावं. त्या हसल्या.

२३ फेब्रुवारी, बुधवार

५८! गजर दर अडीच तासांनी केला त्याचा परिणाम. शिस्त लावली की शरीरही ऐकतं. मंजुळा आता स्वयंपाकघराचं दार लावून दूध काढते. तिला एकांत लागतो, ते ठीक आहे. बाटली मात्र माझ्या हातात देताना खाली बघते. मी शाबासकी दिली.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

काल ७६, आज ९२. पोर नळीने साडेसात मिली घेतेय. वजन ११२०, जन्मापेक्षा १५ जास्त. सलाईनचे थेंब दोनावर.

दुधाचा कसही सुधारलाय. पहिल्या दिवसांत निळसर पातळ असायचं, आता पांढरं आहे. थर्मासमध्ये पोचेपर्यंत बाटलीच्या गळ्याशी साय धरते. अंबिका सिस्टर म्हणाली, "आजोबा, दूध बहुत घट्ट है, नळीत अटकतंय." मी म्हटलं, मेथीचे लाडू. विहीणबाईंना श्रेय द्यायला मी कचरत नाही.

घरात सौ.ची भुणभुण. गोठ्यावरून अर्धा लिटर जादा लावलं तरी पातेल्यात चहापुरतंच उरतं. मांजर असेल. मी खिडकीला जाळी मारली.

२६ फेब्रुवारी, शनिवार

१०८.

डॉक्टरांनी माझं रजिस्टर टेबलावर ठेवून घेतलं आणि दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवलं. "बघा, सातवी शिकलेल्या माणसाने ठेवलंय." मी तिथेच उभा होतो. आयुष्यात मला कुणी प्रशस्तिपत्रक दिलेलं नाही. आज दिलं असं धरतो.

२८ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पोट फुगलं. घट्ट, चकचकीत. नळी ओढली तर दूध तसंच मागे आलं, हिरवं झालेलं. दुपारी शीमध्ये रक्त. पोर राखेच्या रंगाची.

दूध बंद. सगळं पुन्हा सलाईनवर. डॉक्टर म्हणाल्या, आतड्याला सूज आहे, कच्च्या बाळांना होते, किती पसरेल सांगता येत नाही. आतडं फाटलं तर ऑपरेशन, आणि ते इथे होत नाही.

मंजुळाला सांगितलं. तिने विचारलं, "दुधानं झालं?"

मी म्हटलं, "आईच्या दुधाने असं होत नाही. इस्पितळात काहीतरी चुकलं असणार. मी शोधून काढीन."

३ मार्च, गुरुवार

तीन दिवस लिहिलं नाही.

सुभाष रजा काढून मुंबईहून चरबीची बाटली घेऊन आला. दुधासारखीच पांढरी, पण शिरेतून द्यायची. तासाला एक मिलीहून कमी. बाटली फोडली की उरलेली टाकून द्यावी लागते.

दोन्ही हातांच्या शिरा फुगून बसल्या. डावा पाय झाला. आता डोक्यावरचे केस एका बाजूने काढून तिथे सुई घातलीय. पोर रडते तेव्हा काचेतून आवाज येत नाही, फक्त तोंड दिसतं.

मी अंबिका सिस्टरच्या नोंदी मागितल्या. एक-एक तपासली. त्यांत चूक नाही. हे मला आवडलं नाही, हे लिहून ठेवतो.

९ मार्च, बुधवार

पोट मऊ झालं. रक्त थांबलं. दहा दिवस सलाईनवर जगली. डॉक्टरांनी ठरवलं होतं, उद्यापासून अर्धा-अर्धा मिली दूध पुन्हा द्यायचं. आज त्यांनी विचार बदलला.

"आजोबा, माझ्यासमोर तुमचं रजिस्टर आहे. निव्वळ आईचं दूध, दुसरा थेंब नाही. तरी हे झालं. म्हणजे या बाळाला दूधच सोसत नाही असं मला धरावं लागेल. पुन्हा देऊन आतडं फाटलं तर मी काय करू? मुंबईत मोठ्या इस्पितळात जागा मागितलीय. तोवर सलाईन."

मी विचारलं, "जागा कधी?"

"नंबर लागेल तेव्हा. आणि शिरा संपत आल्यात. सुई जितके दिवस आत, तितकी जंतूंची भीती."

१० मार्च, गुरुवार. महाशिवरात्र

सौ. देवळात गेली होती. मंजुळा माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. कालचं तिला सुभाषने सांगितलं होतं.

"बाबा, ते दूध सगळं माझं नव्हतं."

मला कळलंच नाही. ती म्हणाली, "म्हशीचं घालत होते. गोठ्याचं. गाळून, उकळून, पाणी घालून. बावीस तारखेपासनं."

"का?"

"तुमचा आकडा भरत नव्हता."

मी विचारलं, प्रत्येक वेळी किती मिली? ती म्हणाली, "मोजलं न्हाय, बाबा."

मग ती रडली नाही, उलट घाईने बोलली. "डॉक्टरांना आजच सांगा. त्यांना वाटतंय तिला आईचं दूध सोसत न्हाय. माझं तिला सोसत होतं, पहिले पाच दिवस सोसलं. मला तिथं आत घेत न्हायत, तुम्हाला घेतात. माझं नाव घ्या, मला काय बोलायचं ते बोलू दे त्यांना. पण आजच सांगा."

मी म्हटलं, "मी सांगतो."

पाच वाजता गेलो. डॉक्टरांच्या समोर काशीगावचं एक जोडपं बसलं होतं, त्यांचंही सातव्या महिन्यातलं बाळ. डॉक्टर माझं रजिस्टर उघडून त्यांना दाखवत होत्या. "हे असं ठेवायचं. हे आजोबा, यांना विचारा." त्या माणसाने उठून मला खुर्ची दिली. मी त्याला रकाने समजावले.

घरी आलो. मंजुळा दारातच. "सांगितलं?"

मी हो म्हटलं.

"काय म्हणाल्या?"

"विचार करते म्हणाल्या."

११ मार्च, शुक्रवार

अर्धवट माहिती डॉक्टरांपुढे नेणं बरं नव्हे. किती म्हशीचं, किती पाणी, किती आईचं, हे माहीत नसताना त्या काय ठरवणार? म्हणून आज दुकान बंद ठेवलं. गोठ्यावरून दूध आणलं, घनता मापायची नळी काढली, पाणी घालून पाच निरनिराळी मिश्रणं केली, प्रत्येकाची नोंद केली. जुनी बाटली आठवून, यातलं कुठलं तसं दिसतं ते दाखव, असं मंजुळाला सांगितलं. ती म्हणाली, "आता कशाला? सांगितलंय ना तुम्ही?" मी म्हटलं, डॉक्टरांनी तपशील मागितलाय.

तपशील कुणी मागितलेला नाही.

संध्याकाळी गेलो नाही. तक्ता अपुरा होता.

१२ मार्च, शनिवार

डोक्यावरची सुई निकामी झाली. अंबिका सिस्टर नवी शीर शोधत होती. एक, दोन, तीन, चार वेळा टोचलं. मी मोजत होतो. चौथ्यानंतर तिने हात खाली घेतले आणि मला म्हणाली, "आजोबा, आप बाहर जाओ ना, प्लीज." पाचव्याला मानेपाशी मिळाली.

सहा वाजता डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि सांगितलं. तक्ता खिशातच राहिला.

त्यांनी रजिस्टर बंद केलं. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"आज शनिवार आहे, आजोबा."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी लगेच मंजुळाला बोलावून घेतलं. हात धुवायला लावून, गाऊन घालून आत नेलं, पेटीच्या गोल झरोक्यातून हात घालू दिला. तिसाव्या दिवशी आईने पोरीला हात लावला. पोरीने तिचं बोट धरलं नाही, तेवढी ताकद नव्हती, पण तोंड तिकडे वळवलं. तिथेच बसून मंजुळाने पंधरा मिली दूध काढलं. गजराशिवाय.

सातपासून अर्धा-अर्धा मिली.

१३ मार्च, रविवार

बारा वेळा दूध दिलं. एकदाही मागे आलं नाही. पोट मऊ.

दुपारनंतर अंग थंड पडायला लागलं. मानेच्या सुईभोवती लाल. डॉक्टर म्हणतात, जंतू रक्तात गेलेत.

१५ मार्च, मंगळवार

दुपारी ३.१० वाजता गेली. वजन १०६० ग्रॅम. काटा बरोबर होता.

मी डॉक्टरांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. गुरुवारी सांगितलं असतं तर? त्या म्हणाल्या, "दोन दिवस आधी दूध सुरू केलं असतं. मानेची सुई कदाचित लागली नसती. कदाचित लागली असती. मला सांगता येणार नाही, आजोबा. आणि तुम्हालाही ते उत्तर काढता येणार नाही, म्हणून काढत बसू नका."

मी बसलोच आहे.

१७ मार्च, गुरुवार

मंजुळाला पान्हा फुटलाय. कपडे भिजतात. दूध आटावं म्हणून सौ. कोबीची पानं बांधते. पहाटे तिच्या उशाचं घड्याळ वाजलं, बंद करायचं कुणाच्या लक्षात नव्हतं. मी उठून बंद केलं. ती जागीच होती.

२४ मार्च, गुरुवार

आज विहीणबाई तिला राईला न्यायला आल्या. महिनाभर तिथे राहील असं ठरलं होतं. सौ. तांदूळ पाखडायला खाली शेजारी गेलेली. मंजुळाने पिशवी बाहेर ठेवली आणि माझ्या पाया पडायला वाकली.

"बाबा, तुमच्यावर माझा राग न्हाय. मी सांगितल्याबरोबर तुम्ही त्याच दिवशी गेलात. वेळेत सांगून बी वाचली न्हाय, म्हणजे माझ्या त्या दुधानंच आतून सगळं खलास झालं होतं. मीच मारली तिला. सुभाषला पण मी तसंच सांगितलंय."

विहीणबाई म्हणाल्या, "चल गो, रिक्षा उभी हाय."

मी म्हटलं, "थांब."

आणि सांगितलं. गुरुवारी सांगितलं नाही. शुक्रवारी गेलोच नाही. शनिवारी सहा वाजता सांगितलं. बारा वेळा दूध सोसलं, ते दूध तिचं होतं. मानेची सुई त्याच शनिवारची.

मंजुळा सरळ उभी राहिली. चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही. विहीणबाईंनी पिशवी खाली ठेवली.

तिने विचारलं, "सुभाषला हे कोण सांगणार?"

"मी सांगतो."

"त्या दिवशी पण तुम्ही हेच म्हणालात."

तिने आईला सांगितलं, रिक्षा सोडून दे. आत आली, माझ्या समोरची खुर्ची ओढली आणि बसली. सुभाष साडेसातला येतो. आत्ता सहा वाजून चाळीस मिनिटं झालीत. मी हे लिहितोय, ती बघतेय. दोनदा मान वर केली, दोन्ही वेळा तिची नजर माझ्यावरच होती.

जिन्यात पावलं वाजली की वही मिटणार.